नोंदवहीत आमचा बांध नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावच्या वनस्पती, त्यांचे उपयोग आणि ते जाणणारी माणसे यांची माहिती तिच्यात यावी, अशी अपेक्षा आहे. आमच्या गावची नोंदवही नुकतीच ग्रामसभेत चाळायला मिळाली. औषधी वनस्पतींच्या पानावर सर्पगंधा आणि रक्तचंदन होते. ही झाडे आमच्या शिवारात कोणी पाहिल्याचे मला तरी ठाऊक नाही. दगडी पाल्याचे मात्र नावही नव्हते. दुसऱ्याच कुठल्या वहीवरून यादी उतरवली असावी, असे वाटल्यावाचून राहिले नाही.

दगडी पाल्याशिवाय आमच्याकडे सोयाबीनची काढणी पार पडत नाही. विळा लागला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बांधावरचा मूठभर पाला ओरबाडतात, तळहातावर चोळून त्याचा हिरवागार रस जखमेवर पिळतात आणि लुगड्याची चिंधी बांधून पुन्हा पातीला लागतात. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली, हे मुलीच्या पुस्तकात वाचले तेव्हा मला गंमत वाटली. म्हणजे हे ज्ञान कोणा ऋषिमुनींनी दिलेले नसून, परक्या मुलखातून आलेले तण आपल्याच कोणा आजी-पणजीने पारखून घेतलेले आहे.

शिवाय या बायकांचे ज्ञान नुसत्या नावांचे नसते, ते मात्रेचे असते. बाळगुटी उगाळताना मुरडशेंगेचे सहाणेवर किती वेढे द्यायचे आणि वेखंडाचा एकच का, हे त्या बाळाचे पोट चाचपून ठरवतात. टाचेच्या भेगांवर बिब्ब्याच्या तेलाचा चटका देताना सुईच्या टोकावर मावेल तेवढेच तेल घेतात आणि आजूबाजूला आधी खोबरेल लावतात, कारण बिब्बा उतला तर भेग परवडली असे म्हणण्याची पाळी येते. यादीत 'बिब्बा : भेगांवर उपयुक्त' एवढेच लिहिले, तर ती माहिती अर्धवट तर आहेच, धोक्याचीही आहे.

हे सारे आंधळेपणाने जपावे असे माझे म्हणणे नाही. सर्पदंशावर पाला बांधण्यात गेलेला वेळ जिवावर बेततो; त्यावर प्रतिविषच लागते आणि ते दवाखान्यातच मिळते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे डॉक्टर सांगतात, तेही आता आम्ही पाळतो. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा ज्याने त्याने मनाला येईल तसा प्यायला. पुढे काहींच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आणि आयुष मंत्रालयाने ते अमान्य केले. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. पण मात्रा विसरून वनस्पती तेवढी उचलली की असले वाद उद्भवायचेच.

किनवट-माहूरचा पट्टा सोडला, तर मराठवाड्यात जंगल असे कितीसे आहे? लातूर जिल्ह्यात तर ते नावापुरतेच. आमच्या औषधी वनस्पती बांधावर, गायरानात आणि ओढ्याकाठीच राहतात. बांध जेसीबीने कोरले गेले, उरलेल्यांवर दरसाल तणनाशक फवारले जाते. निर्गुडीचा पाला शेकायला हवा असेल, तर आता मला दोन शेते ओलांडून ओढ्यापर्यंत जावे लागते. पूर्वी ती आमच्याच विहिरीवर होती. आणि फवारणी आम्हीही करतो, हे लपवण्यात अर्थ नाही, कारण खुरपणीला माणूस मिळत नाही.

अशा वेळी लिहून ठेवण्याचे मोल वाढते. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित दाखले पुढे केले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळदीला ग्रंथांचा आधार होता. आत्याबाईंच्या वेढ्यांना नोंदवहीखेरीज दुसरा कागद कोठून मिळणार?

राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्यांसाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती आणि त्या घाईत पुष्कळ ठिकाणी कागद तेवढे पूर्ण झाले असावेत. त्यातही जानेवारीत आमचे बांध वाळलेले असतात. टाकळा आणि भुईआवळी तेव्हा शोधूनही सापडत नाहीत. म्हणून विनंती अशी की, नोंदवही श्रावण-भाद्रपदात, शिवार फिरून, नव्याने लिहावी आणि समितीत ज्या महिला सदस्य कायद्याने घ्याव्या लागतात त्या सहीपुरत्या नसाव्यात. सांगणाऱ्या बायकांची नावे, त्यांची हरकत नसेल तर, नोंदीसोबत लिहावीत. आत्याबाईंना आता ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढवत नाहीत. समितीने आमच्या ओसरीवर यावे, सहाण तेथेच आहे.

आपली,
एक शेतकरी वाचक
ता. औसा, जि. लातूर