माहेरचं की सासरचं?

भवानी पेठ, सोलापूर

प्रिय विज्या,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या पोराला रात्री झोपेत येणाऱ्या झटक्यांपेक्षा काकूंनी वहिनींना "तुझ्या माहेरचंच आलंय" असं ऐकवलं, याचाच मला जास्त राग आला.

आमच्या भाच्याचं ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सुरू झालं. रात्री दोन-तीनला ताडकन उठून बसायचा, डोळे सताड उघडे, पाय सायकल मारल्यासारखे चाललेले, चादरीचा बोळा मुठीत घट्ट. अर्ध्या मिनिटात शांत, की थोड्या वेळानं पुन्हा तेच. सकाळी म्हणायचा, "मामा, मला कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं." ताईच्या सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, कुणी 'बाहेरचं' म्हणालं. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, तोही नॉर्मल! मेंदूच्या पुढच्या भागात खोलवर उठणारा झटका डोक्यावरच्या तारांना बऱ्याचदा सापडतच नाही. शेवटी ताईनं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पाहून न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, ही झोपेतली फिट.

आता माहेर-सासरचं. १९९५ साली एका ऑस्ट्रेलियन कुटुंबात याचा पहिला जनुक सापडला, सीएचआरएनए४. तंबाखूतलं निकोटिन मेंदूत ज्या ठिकाणी चिकटतं, त्याच रिसेप्टरचा एक भाग तो घडवतो. पुढे केसीएनटी१ आणि डीईपीडीसी५ सापडले. यातला दुसरा पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या यंत्रणेतला. आईवडिलांपैकी कुणा एकाच्या अशा जनुकात दोष असला, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. पण उतरला म्हणून फिट येईलच असंही नाही. अशा घराण्यांत दोष असलेल्या साधारण ७० टक्के लोकांनाच त्रास होतो. म्हणजे उद्या तो काकांकडून आल्याचं निघालं आणि त्यांना जन्मात कधी काही झालं नसलं, तर काकू काय म्हणणार? कधी दोष मुलातच नव्यानं तयार होतो. आणि खरं सांगू, बहुतेक पेशंटच्या घरात दुसऱ्या कुणालाच हा त्रास नसतो, तपासणीतही जनुक हाती लागत नाही.

तेव्हा जनुकाच्या तपासणीची घाई नको. आधी व्हिडिओ काढ, पोराचा चेहरा आणि हातपाय दोन्ही दिसू देत, आणि व्हिडिओ-ईईजीबद्दल विचार. यात कार्बामॅझेपिन या फिटच्या गोळीचा गुण पुष्कळांना येतो, आमच्याकडेही आला. मात्र सुरू करण्याआधी अंगावर पुरळ उठण्याच्या धोक्याची रक्ततपासणी हवी का, ते डॉक्टरांना विचार. बरं वाटलं म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही.

काकूंना मीच फोन करतो. माझं त्या ऐकतात.

तुझा,
बाळ्या