देवबागची खाडी सफर : साडेतीन तासांचा उशीर आणि ‘अचानक’ आलेली ओहोटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दत्तजयंतीच्या दिवशीच्या ‘दिवसभराच्या खाडी सफरी’चे ६,८०० रुपये परत मिळणे व लेखी खुलासा मिळणे याबाबत

महोदय,

काल सायंकाळी आपल्या कार्यालयाशी पाचव्यांदा दूरध्वनीवर बोलणे झाल्यानंतर हे पत्र लिहीत आहे.

आमचे आरक्षण सकाळी नऊचे होते. देवबागच्या धक्क्यावर आम्ही पतीपत्नी पावणेनऊला हजर होतो; बोट सुटली साडेबारा वाजता. मधल्या वेळात ती दुसऱ्या गटाला डॉल्फिन दाखवायला गेली होती, हे आम्हाला धक्क्यावरच्या चहावाल्याने सांगितले, आपल्या माणसांनी नव्हे.

कर्ली नदी समुद्राला मिळते तेथील वाळूचे पट्टे ओहोटीला उघडे पडतात, हे बोट चालवणाऱ्या आपल्या तांडेलाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. माझी पत्नी वेंगुर्ल्याची आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा हिशेब तिच्या माहेरी लहान मुलांनाही येतो. त्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे पंधरावी तिथी होती; पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि पाणी सव्वापाचपर्यंत उतरत राहणार. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या, म्हणजे उधाणाच्या दिवसांतली ओहोटी नेहमीपेक्षा खोल जाते. बोटीत बसण्यापूर्वीच तिने हे बोलून दाखवले होते. “आम्ही रोज जातो, मॅडम,” एवढेच उत्तर तिला मिळाले.

पावणेचार वाजता खाडीतल्या त्सुनामी आयलंड या वाळूच्या बेटाच्या पुढे बोट वाळूत रुतली. दोन खलाशी गुडघाभर पाण्यात उतरून बोट ढकलत राहिले. त्यांच्या कष्टांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यांनी रोवलेल्या बांबूवरची पाण्याची ओली खूण अर्ध्या तासात वीतभर वर राहिली आणि पाणी खाली गेले, तेव्हा आता भरती येईपर्यंत सुटका नाही हे आम्हाला कळून चुकले. पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले आहेत. तिच्या लाइफ जॅकेटचे बक्कल तुटलेले होते आणि ते सुतळीने बांधलेले होते. पावणेसात वाजता बोट तरंगली, तेव्हा पूर्ण काळोख झाला होता, बोटीवर एकही दिवा नव्हता आणि मोबाइलच्या उजेडात आम्ही धक्क्याला लागलो.

एवढे होऊनही दिलगिरीचा एक शब्द मिळाला असता, तर मी कदाचित गप्प बसलो असतो. परंतु काल आपल्या अधिकाऱ्यांनी मला सांगितले की ओहोटी अचानक आली, ती नैसर्गिक आपत्ती आहे आणि आपत्तीसाठी परतावा देण्याची तरतूद नाही. ओहोटी दिवसातून दोनदा येते, असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “सर, उलट तुम्हाला बोटीवर दोन तास जास्त मिळाले, त्याचे आम्ही वेगळे पैसे लावले नाहीत.” मी त्यांना हे वाक्य पुन्हा उच्चारायला सांगितले आणि त्यांनी ते जसेच्या तसे पुन्हा उच्चारले. काळोखात सुतळीने बांधलेले जॅकेट धरून बसलेल्या बाईला आपण उपकार केल्याचे सांगत आहोत, याची त्यांना जाणीवही नव्हती. शेवटी पुढच्या सफरीवर दहा टक्के सवलत देऊ केली गेली. आम्ही पुन्हा आपल्या बोटीत पाऊल ठेवू, असे आपल्याला कशावरून वाटले?

बोट नऊला सुटली असती, तर हे काहीच घडले नसते. नऊची बोट साडेबाराला सोडणे ही नैसर्गिक आपत्ती नाही. तो आपला निर्णय होता आणि तो दुसऱ्या गटाच्या पैशांसाठी घेतला गेला.

पंधरा दिवसांत ६,८०० रुपये, तसेच उशिरामुळे मालवणची बस चुकल्याने टॅक्सीला द्यावे लागलेले ९०० रुपये परत करावेत, आणि लाइफ जॅकेट व दिव्यांबाबत काय केले ते लेखी कळवावे. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो त्या कोल्हापूर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन, आणि जॅकेटच्या छायाचित्रासह महाराष्ट्र सागरी मंडळाकडे स्वतंत्र अर्ज करीन.

गेली सहा वर्षे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आपलेच नाव सुचवत आलो. त्यांतील दोन कुटुंबांचे आरक्षण येत्या महिन्यात आहे. त्यांना मी आजच दूरध्वनी करणार आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : आरक्षणाची पावती, टॅक्सीची पावती, लाइफ जॅकेटचे छायाचित्र