त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनहून आई-बाबांना

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज कापरा होतो आणि मी लगेच दुसरंच बोलायला लागते. म्हणून लिहूनच कळवतेय. करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवलाय आणि मी सही केली आहे. दिवाळीपासून सांगलीतच राहीन म्हणाले होते, ते होणार नाही. बाबांच्या पंचाहत्तरीला मात्र मार्चमध्ये महिनाभर येते. रजा मंजूर झाली आहे.

दादाच्या हप्त्यांचं तुम्हाला माहीत आहेच, पण तेवढ्यासाठी थांबले नाही. गॅस प्रकल्पाचं सगळं डिझाइन इथे पहिल्यांदा माझ्या हातात आलंय, पुण्यात ते आणखी दहा वर्षं आलं नसतं. शिवाय या गावानं मला आपलं म्हटलंय. आई, तू म्हणशील, एवढं काय आहे तिथे? तर ऐक.

सकाळी ऑफिसला जाताना कोपऱ्यावर डबल्सवाल्याभोवती घोळका असतो. डबल्स म्हणजे हळद घातलेल्या, तळलेल्या दोन मऊ रोट्या (इथे त्यांना 'बारा' म्हणतात), त्यावर रस्सेदार छोले, चिंचेची चटणी, काकडी. बँकेतला साहेब आणि रस्ता झाडणारा माणूस शेजारी शेजारी उभे राहून खातात. त्याच गाडीवर अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळलेली सहीना मिळते. पहिला घास घेतला तेव्हा मागच्या अंगणात अळू खुडणारी तूच डोळ्यांसमोर आलीस. तेव्हा माझी जेवणाची काळजी सोड. वरण-भात रोज होतो, कुकर ठणठणीत आहे.

खालच्या मजल्यावरच्या आजींचे पणजोबा बिहारकडून कलकत्त्यामार्गे उसाच्या मळ्यावर आले. अशा गिरमिटियांचं, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांचं, पहिलं जहाज 30 मे 1845 ला इथे लागलं, आणि 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 40 हजार माणसं आली. बहुतेकांना परतीचा रस्ता दिसलाच नाही. आजींना भोजपुरीतली चार गाणी येतात, हिंदी बोलता येत नाही. पण मला ताप आला तेव्हा दोन दिवस डाळ-भात घेऊन वर येणाऱ्या त्याच होत्या. दिवाळीत त्या बांबू वाकवून त्यावर मातीचे दिवे लावतात, आणि आजूबाजूची आफ्रिकन वंशाची मुलं तेल घालायला धावतात. दिवाळीला इथे देशभर सुट्टी असते, आई. मी त्या दिवशी एकटी नसेन.

आणि या लोकांचं वाजवणं! इंग्रज सरकारनं 1880 च्या दशकात ढोलांवर बंदी आणली, तेव्हा इथल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले, शेवटी तेलाची पिंपं. तळ ठोकून ठोकून त्यातून सूर काढले आणि स्टीलपॅन तयार झालं, लाव्हेंटीलसारख्या गरीब टेकड्यांवर. कार्निव्हलच्या आधी रोज रात्री पॅनयार्डात, म्हणजे पॅन वाजवणाऱ्यांच्या अंगणात, शंभर-शंभर माणसं सराव करतात. कोणीही जाऊन कट्ट्यावर बसावं, तिकीट नाही. शाळकरी मुलगी आणि पांढऱ्या केसांचे काका एकाच रांगेत उभे असतात, आणि नोटेशनचा कागद कोणापुढेच नसतो. लहानपणी गणपतीत ढोलाचा आवाज आला की मी बाबांच्या खांद्यावर चढून बसायची, तसंच पोटात काहीतरी हलतं.

बाबा, क्वीन्स पार्क ओव्हलला जाऊन आले. वाडेकरांच्या संघानं 1971 मध्ये वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते हेच मैदान, मागे हिरवे डोंगर. सरदेसाईंच्या 112 आणि गावसकरांच्या पदार्पणातल्या 65 व नाबाद 67 धावा तुम्ही पाढ्यासारख्या म्हणायचात. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदारालाही ते आठवतं, आणि 1976 ला इथेच आपण पार केलेलं 403 धावांचं लक्ष्य सुद्धा. तुमची चौकशी करत होता. गुडघा बरा झाला की तुम्हाला इथे घेऊन यायचंय.

गुन्ह्यांच्या बातम्या तुम्ही वाचता, त्या खोट्या नाहीत. म्हणून अंधार पडल्यावर मी एकटी कुठेच जात नाही, ऑफिसची गाडी दारापर्यंत सोडते. चक्रीवादळांच्या मुख्य वाटेपासून हे बेट बरंच दक्षिणेला आहे, त्याचाही घोर नको.

आता माझं ऐका. बाबा, साखर दर सोमवारी तपासून आकडा मला पाठवायचा, "ठीक आहे" चालणार नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवणारा माणूस शनिवारी येतोय, त्याला परत पाठवू नका. आयर्विन पुलाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं की सामान वर चढवत बसायचं नाही, दादाकडे निघायचं. पुराच्या वर्षी काय झालं ते पुन्हा नको. आई, कामाला येणाऱ्या मावशींना मी दुपारचंही सांगितलंय. तुझ्या हाताला चव नाही म्हणून नाही गं, तुझी कंबर मला हवी आहे म्हणून.

तुमचा सकाळी सहाचा चहा म्हणजे माझे रात्रीचे साडेआठ. रोज त्याच वेळी फोन करेन. रागावला असाल तरी उचला. आणि पासपोर्टच्या नूतनीकरणाचे कागद या आठवड्यात दादाकडे द्या, दोघांचेही.

तुमची,
मनू