मंदारची ऑर्डर आणि आपलं जुनं भांडण

सावर्डे, ता. चिपळूण
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय वसंता,
स. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. वहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला साधा फोन केला नाही, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या दे. माझी शुगर आहे तिथेच आहे. पाऊस यंदा मे महिन्यातच येऊन बसला, अजून उठायचं नाव नाही.

तर, आमचा मंदार एएलपी झाला, म्हणजे असिस्टंट लोको पायलट, इंजिनावरचा दुसरा ड्रायव्हर. मंगळवारी कळलं. घरात पेढे, वाडीत पेढे, ग्रामदेवतेला नारळ. झोन मिळाला बिलासपूर, आणि तो शब्द ऐकून माझा पेढा हातातच राहिला. कोरबा, गेवरा, सगळा कोळशाच्या खाणींचा मुलूख... तुला काय सांगायचं? रेक, म्हणजे डब्यांची अख्खी माळ, भरा, ओढा, रिकामा करा, परत आणा. दीपनगरच्या पॉवरहाऊसचे रेक नेले की आपल्या नाकातलं काळं दोन-दोन दिवस जायचं नाही आणि तू म्हणायचास, "कोळसा आहे तोवर भाकरी आहे." मी कोकण रेल्वेला अर्ज केला तेव्हा तीन महिने बोलला नव्हतास. "तिकडे काय भरणार, फणस?" विसरलेलो नाही, मेल्या.

२०१९ला मुक्ताकडे टेनेसीत गेलो होतो ते तुला ठाऊक आहे, पण हे सांगितलं नव्हतं. डोंगरात फिरायला म्हणून तिने अर्विन नावाच्या गावी नेलं. सगळं गाव रेल्वेवर पोसलेलं. केंटकी-व्हर्जिनियाकडचा कोळसा तिथून दक्षिणेला उतरायचा. २०१५च्या ऑक्टोबरात सीएसएक्स या रेल्वे कंपनीने तिथलं यार्ड बंद केलं, तीनशे नोकऱ्या गेल्या. मी कुंपणाला नाक लावून उभा राहिलो, सवयीने लायनी मोजल्या, मग नजर रुळांच्या माथ्यावर गेली. तांबडे. आपल्याकडे पावसात लूपला, म्हणजे बाजूच्या लायनीला, चार दिवस गाडी लागली नाही तर माथा तांबूस होतो, पण पहिल्याच गाडीखाली पुन्हा चकाकतो. हे मात्र आमच्या सावर्ड्याच्या कातासारखे झालेले, गडद. मुक्ता म्हणाली, "बाबा, चला, पाऊस येतोय." चिपळूणच्या माणसाला पावसाची भीती घालते!

तिकडे कोळसा २००८ला सर्वांत जास्त निघाला. २०२०पर्यंत निम्म्याच्याही खाली आला, कारण वीजवाल्यांना गॅस स्वस्त पडू लागला. रेल्वे काही मेली नाही. नॉरफोक सदर्न या दुसऱ्या कंपनीने डोंगरातल्या कोळशाच्या वाटेवरचे अठ्ठावीस बोगदे तासून उंच केले, म्हणजे त्यातून एकावर एक कंटेनर जातील. हे काम २०१०ला पुरं झालं. तू आमच्या कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या बोगद्याला म्हणायचास ना, "आधी साडेसहा किलोमीटर खणतात, माल मग शोधतात"? तिकडे ते खरंच झालं बघ. पण कोळशाचं गिऱ्हाईक बांधलेलं असतं. एक खाण, एक पॉवरहाऊस, मधे आपण. कंटेनरवाल्याला भाडं पटलं नाही की तो ट्रक बोलावतो. मग पैसा सुटायचा कुठून? गाड्या लांब करा, यार्डं मिटवा, माणसं कमी करा.

आमच्या लायनीवर कोळशाची रेलचेल कधीच नव्हती, म्हणून आम्ही १९९९लाच ट्रक गाडीवर चढवले. तेव्हा हसलास. "म्हशीला होडीत बसवताहेत!" रात्री लूपला रो-रो, म्हणजे ती ट्रकांची गाडी, उभी असली की मी शेवटच्या गार्डाच्या ब्रेकव्हॅनमधून उतरून पुढे चालत जायचो. वॅगनवर ट्रक, ट्रकात ड्रायव्हर, पाय डॅशबोर्डवर, आरशाला धुतलेला बनियन अडकवलेला. बसल्या जागी झोपून गोव्याला पोचणारा माणूस आयुष्यात तेवढाच बघितला. यंदा गणपतीत मोटारीही चढवायला काढल्या, कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, भाडं ७,८७५. चाकरमानी काय करतो तुला माहीत आहे. घाटात चार तास अडकेल, पण स्वतःच चालवेल. गिऱ्हाईक शोधत फिरणं काय असतं ते मला विचार.

आता तू म्हणशील, आपल्याकडे कुठे कोळसा संपतोय? नाहीच. २०२४-२५ला शंभर कोटी टनांच्या वर निघाला. रेल्वेच्या मालात निम्म्याच्या आसपास तोच, आणि त्याच पैशावर आपली पॅसेंजरची तिकिटं स्वस्त. पण मंदार आज चोवीसचा, रिटायर होईल २०६१ला. सरकारने नेट झिरोला, म्हणजे कोळसा-तेलाच्या धुराचा हिशेब शून्यावर आणायला, २०७० साल दिलंय. म्हणजे हे जे काही उतरणार ते त्याच्याच डोक्यावरून उतरणार. त्याला म्हटलं तर हसतो. "बाबा, लोकोला काय कळतं मागे काय जोडलंय? कंटेनर ओढीन." बरोबर आहे. पण त्याच्याच झोनने २०२२च्या पंधरा ऑगस्टला सुपर वासुकी नावाची कोळशाची मालगाडी चालवली, पाच रेक एकत्र, २९५ डबे, साडेतीन किलोमीटर. पाच गाड्यांचे ड्रायव्हर आणि एका गाडीचे ड्रायव्हर, हिशेब तूच कर. मला रात्री तो हिशेब झोपू देत नाही. हिला सांगायची सोय नाही. पोराला नोकरी लागली तरी रडतो म्हणेल. आणि सहा वर्षं "रेल्वेत जा, रेल्वेत जा" म्हणून त्याच्या मागे लागलो होतो तो मीच.

तुझा नातू पहिलीत गेला ना? सून पुण्यालाच आहे का? घराचा स्लॅब झाला असेल तर फोटो पाठव.

मंदार ट्रेनिंगला जाताना भुसावळवरूनच जाईल. गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबते. प्लॅटफॉर्मवर ये. माझ्यासारखं भाषण देऊ नकोस, पण त्याच्याशी बोल. आणि जमलं तर कोळसा आणि भाकरीचं ते वाक्य तेवढं गाळ.

फोन करायचा तर आठच्या आत कर. नंतर रेंज मिळवायला विहिरीपाशी जावं लागतं आणि तिथे हल्ली बिबट्या येतो.

तुझा,
दत्ता

ता. क. फणसाची साठं पाठवतोय. शेवटी फणसच भरला बघ.