चौथीच्या मुलांना दोन अज्ञातांचे गणित करू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेत निवृत्तीनंतर मी विनामूल्य गणित शिकवत होतो. आपल्याच खात्याच्या एका अधिकाऱ्याने भर बैठकीत त्याला तोंडी परवानगी दिली होती आणि साहित्य पुरवण्याचा शब्दही दिला होता. साहित्य आलेच नाही. गेल्या आठवड्यात निरोप मात्र आला, की दोन अज्ञातांची, म्हणजे माहीत नसलेल्या दोन संख्यांची, समीकरणे नववीला आहेत, चौथीच्या वर्गातला हा प्रकार ताबडतोब बंद करावा. कारण विचारायला गेलो, तर ज्या खात्यात उभी हयात घालवली त्या खात्याच्या कचेरीत मला कोणी बसा म्हटले नाही. तो अपमान अजून मनातून जात नाही.

महोदय, मी फळ्यावर क्ष आणि य लिहिले नव्हते. काड्यापेट्यांना लाल आणि निळा कागद चिकटवून त्यांत चिंचोके भरले होते; सगळ्या लाल पेट्यांत सारखे, सगळ्या निळ्या पेट्यांत सारखे. एक लाल आणि एक निळी मिळून ७ चिंचोके, एवढेच सांगितल्यावर कोणी ५ आणि २ म्हणाले, कोणी ६ आणि १, आणि सगळ्यांचेच बरोबर कसे, यावरून वर्गात वाद जुंपला. मग दोन लाल आणि एक निळी मिळून ११, ही दुसरी माहिती दिली. एका मुलीने दुसऱ्या मांडणीतून एक लाल आणि एक निळी पेटी उचलली, शेजारच्या ११ सुट्या चिंचोक्यांतून ७ बाजूला सारले आणि म्हणाली, “गुरुजी, लाल पेटीमा चार शेतस.” निळीत तीन आहेत हे सांगायला तिला पेटी उघडावी लागली नाही. माध्यमिक शाळेत यालाच एका चलाचा, म्हणजे एका अज्ञाताचा, लोप करणे म्हणतात.

हे लवकर का शिकवायचे? ८ + ४ = □ + ५ असे लिहून दिले, की कितीतरी मुले चौकटीत १२ लिहितात, कारण बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असे त्यांच्या मनात बसलेले असते. दोन्ही बाजू सारख्या असतात हे ज्याला पहिल्या चार वर्षांत उमगले नाही, त्याला दहावीत अशीच समीकरणे सोडवण्यासाठी निश्चयक आणि क्रेमरची पद्धत ही ठरावीक सूत्रे घोकण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि मग ‘खेड्यातल्या मुलांचे गणित कच्चे’ म्हणायला सगळे मोकळे.

हे आमच्या खान्देशात घडावे, याची मला लाज वाटते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्याच भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात अज्ञातांना कालक (काळा), नीलक (निळा), पीतक (पिवळा), लोहितक (तांबडा) अशी रंगांचीच नावे दिली आहेत.

आपल्या खात्याला मुलांच्या विचारापेक्षा अहवाल प्रिय झाला आहे. शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे सांगते. तरीही आमचे गुरुजी माहिती भरण्यात आणि छायाचित्रे पाठवण्यात दुपार घालवतात. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी त्यात अडकला, की दुसऱ्याने चार वर्ग सांभाळायचे.

मला मानधन नको, सत्कार नको. बंदीचा निरोप मागे घ्या, परवानगी लेखी द्या आणि आठवड्यातून एक तास या कामासाठी राखून ठेवा. नकारच द्यायचा असेल, तर चौथीच्या मुलाने विचार करण्याला शासनाची हरकत का आहे, ते कारणासह लिहून कळवा.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. चोपडा, जि. जळगाव