व्हॉल्व्ह सर्वांत शेवटी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरी गाणी ऐकण्यासाठी जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे, आवाज वाढवणारे यंत्र) कसा सुधारावा, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख हौसेने लिहिलेला आहे, पण कामांचा क्रम त्यात उलटा लागला आहे. ‘आधी उत्तम व्हॉल्व्ह मिळवा’ हा सल्ला मानून कोणी कित्येक वर्षे बंद पडलेल्या यंत्रात नवे व्हॉल्व्ह खोचून बटण दाबले, तर ते व्हॉल्व्ह जातीलच, सोबत व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. व्हॉल्व्ह आजही नवे तयार होतात. त्या यंत्राचा मूळ ट्रान्सफॉर्मर मात्र एकदा जळाला की तसाच दुसरा मिळणे कठीण.

आधी जिवाचे बघू. आत ४०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) बसून राहतो. दोन-अडीच किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर क्लिपांच्या वायरीला जोडावा, एक क्लिप चेसिसला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) आणि दुसरी कपॅसिटरच्या धन टोकाला लावावी, मग मीटरने खात्री करावी. क्लिप काम संपेपर्यंत काढू नये, कारण रिकामा झालेला कपॅसिटरही थोड्या वेळाने स्वतःहून काही व्होल्ट परत उचलतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची पद्धत कपॅसिटरला आणि करणाऱ्यालाही वाईट.

मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, बाजूला दोन गोष्टी. जुन्या यंत्रांत बऱ्याचदा दोनच तारांची वायर असते आणि मेन्सपासून चेसिसला एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. तो शॉर्ट झाला की चेसिसमध्ये थेट मेन्स उतरतो. तो काढून टाकावा, तीन तारांची वायर घालावी, अर्थ स्वतंत्र बोल्टने चेसिसला आवळावा. फेज आधी फ्यूजमध्ये, मग स्विचमध्ये न्यावा. दुसरे, यंत्र २२० व्होल्टसाठी बनलेले आणि भिंतीतून २४० येत असतील, तर व्हॉल्व्ह तापवणारी ६.३ व्होल्टची हीटर लाइन ६.९ पर्यंत जाते, म्हणजे दहा टक्क्यांच्या मर्यादेच्या अगदी काठावर. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला वरच्या व्होल्टेजचा टॅप (जोडणीचे टोक) असेल तर तो वापरावा. नसेल तर १२ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (वीज बाहेर देणारी गुंडाळी) उलट्या फेजमध्ये सिरीजला घातली की १२ व्होल्ट वजा होतात.

वीज सपाट करणाऱ्या फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर वाळलेले असणार हे गृहीतच धरावे. यंत्र चालू असेल तर स्पीकरमधली घुमणारी हम हीच त्यांची तक्रार असते. नवे शेजारी जोडून जुने तसेच ठेवणारे बरेच भेटतात. ते चूक आहे, जुन्याची गळती त्याने थांबत नाही. जुना डबा शोभेसाठी राहू द्यावा, पण त्याच्या तारा सोडवाव्यात आणि नवे चेसिसखाली बसवावेत. व्होल्टेज ५०० चे घ्यावे. ‘मोठा तितका चांगला’ हा हिशोब मात्र इथे चालत नाही. रेक्टिफायर (एसीचे डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हनंतरच्या पहिल्या कपॅसिटरला मर्यादा असते: जीझेड ३४ ला ६० मायक्रोफॅरड, ईझेड ८१ ला ५०. त्यापुढे गेलात की प्रत्येक ठोक्याला करंटचा झटका इतका मोठा बसतो की रेक्टिफायरच्या आत ठिणगी पडते. वाढवायचेच असेल तर पुढच्या टप्प्यांचे वाढवा.

आता खरा गुन्हेगार. ड्रायव्हर (आधीचा छोटा) आणि आउटपुट (स्पीकर चालवणारा) व्हॉल्व्ह यांच्यामधला कपलिंग कपॅसिटर, साधारण ०.०४७ ते ०.२२ मायक्रोफॅरडचा, जुन्या यंत्रात बहुधा मेणकागदाचा. त्याने फक्त सिग्नल पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा. वयामुळे तो गळतो आणि मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे (करंट गोळा करणाऱ्या टोकावरचे) व्होल्ट थोडेथोडे पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) उतरतात. फिक्स्ड बायसवर (ग्रिडला वेगळ्या सप्लायने दिलेल्या ऋण व्होल्टेजवर) ४०० व्होल्टला चालणाऱ्या ईएल ३४ या आउटपुट व्हॉल्व्हमध्ये ग्रिडवर एक व्होल्ट असा फुकट चढला की सहा ते आठ मिलिअँपियर जास्त वाहतात. चार व्होल्ट गळले तर २५ वॉट सोसणारी प्लेट तिशीच्या आसपास जाते, अंधारात लालबुंद दिसते, आणि तोच करंट ट्रान्सफॉर्मरच्या बारीक तारेतून जातो.

तपासणी सोपी आहे. यंत्र बंद, कपॅसिटर रिकामे. कपलिंगचे ग्रिडकडचे टोक सोल्डर वितळवून मोकळे करायचे, त्याला दहा मेगओहमच्या मीटरची धन क्लिप लावायची आणि ऋण क्लिप चेसिसला. मग रिकामे करणारी क्लिप काढून यंत्र सुरू करायचे. काटा किंवा आकडा क्षणभर उसळतो आणि खाली येतो, ते ठीक. स्थिरावल्यावर दहा व्होल्ट दाखवत असेल तर गळती एक मायक्रोअँपियर. ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहमचा असेल तर त्यावर ०.४७ व्होल्ट पडणार. ही मोजणी यंत्र अर्धा तास तापल्यावर पुन्हा करावी, गळती उष्णतेने वाढते. एक-दोन व्होल्टच्या वर गेलेला कपॅसिटर बदलावा, खरे तर मेणकागदाचे सगळेच बदलावेत. मूल्य तेच, ६३० व्होल्टचा साधा पॉलिप्रोपिलीन. सोनेरी कागदात गुंडाळलेल्या महागड्या कपॅसिटरची महती ऐकू येईल. गळती न होणे हा त्यातला मोठा फरक साध्याही कपॅसिटरने मिळतो.

फिक्स्ड बायसच्या यंत्रात ऋण व्होल्टेजचा छोटा सप्लाय असतो आणि त्यात रेक्टिफायर म्हणून अनेकदा सेलेनियमची चकत्यांची पट्टी. ती थकली की बायस घटतो आणि प्लेट पुन्हा लाल. तिच्या जागी १एन ४००७ हा सिलिकॉन डायोड लावावा. तो कमी व्होल्ट खातो म्हणून बायस आधी मोजून गरज पडल्यास सिरीज रेझिस्टरने जुळवावा. इथला इलेक्ट्रोलिटिक उलटा असतो, धन टोक चेसिसला. सवयीने नेहमीसारखा लावला तर तो फुटतो.

पहिल्यांदा वीज देताना मेन्सला सिरीजमध्ये १०० वॉटचा जुना तारेचा दिवा लावावा (एलईडी इथे कामाचा नाही). दिवा आधी उजळून मग मंदावला तर ठीक, भकभक पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. आणि स्पीकर किंवा आठ ओहमचा मोठा रेझिस्टर जोडल्याशिवाय सिग्नल कधीही देऊ नये. लोड नसलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतके चढते की आतले इन्सुलेशन फुटते.

यानंतर ‘सुधारणा’ म्हणण्यासारखे एकच काम आधी करावे: प्रत्येक आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडला (प्लेटच्या विरुद्ध टोकाला) एक टक्का अचूकतेचा दहा ओहमचा रेझिस्टर आणि प्रत्येकाला बायसचा स्वतंत्र पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). प्लेटवर ४२० व्होल्ट असतील तर २५ वॉटच्या सत्तर टक्के म्हणजे १७.५ वॉट, भागिले ४२०, सुमारे ४२ मिलिअँपियर. मीटरवर ०.४२ व्होल्ट. व्हॉल्व्ह तापल्यावर वीस मिनिटांनी पुन्हा बघावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

सिलिकॉन रेक्टिफायर बसवण्याच्या मोहात पडू नये. जीझेड ३४ मध्ये १५-२० व्होल्ट पडतात, ५ यू ४ या रेक्टिफायरमध्ये ४५ च्या पुढे. सिलिकॉन लावला की ते सगळे एकदम वर येतात, तेही हीटर तापण्याआधी. जुन्या इनपुटला आजच्या प्लेअरचे दोन व्होल्ट जड जातात आणि आवाज कळेल असा फाटतो. ४७ आणि २२ किलोओहमच्या रेझिस्टरांचा विभाजक घालावा, ४७ प्लेअरच्या बाजूला. वॉटच्या मागे धावू नये: १५ चे ३० केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात, ८७ ऐवजी ९२ डेसिबलचे स्पीकर घेतले तर पाच.

आता व्हॉल्व्ह. ईसीसी ८३ या सुरुवातीच्या छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलने हळूच टिचकी मारावी. टणत्कार स्पीकरमधून येऊन रेंगाळला तर तो मायक्रोफोनिक, म्हणजे धक्क्याचा आवाज पकडणारा, आहे. खरखर आली तर आधी सॉकेटची पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुईने किंचित आवळावी, निम्म्या वेळा व्हॉल्व्ह निर्दोष निघतो. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो फेकावा. डाग चंदेरी, बायस स्थिर आणि दोन्ही बाजूंचे कॅथोडवरचे आकडे जवळ असतील, तर जुनाच व्हॉल्व्ह जागेवर राहू द्यावा.

आपला,
एक वाचक