अण्णांची वही

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आपले वरचे अण्णा गेल्याचं कसंबसं सांगितलं. पुढे बोलवेना, म्हणून लिहायला बसलो.

झोपेतच गेले. वरच्या मजल्यावरून सातला खाली उतरले नाहीत, तेव्हाच तुझ्या आईच्या मनात चर्र झालं. दुपारी रामबाग मुक्तिधामला नेलं. नातेवाईक असे पुण्याचा पुतण्याच, तो संध्याकाळपर्यंत पोचला. पण तिथे चार-पाच अनोळखी माणसं उभी होती, पन्नाशीतली, अंगानं अजून दणकट. एकाने मला विचारलं, "छत्रीवाले काका हेच ना? यांचं नाव काय होतं हो?" मध्य प्रदेशाकडून खेळलेली मुलं ती. रणजीच्या सामन्याला होळकर स्टेडियममध्ये माणसं किती असतात, तू पाहिलं आहेस. त्या रिकाम्या पायऱ्यांवर काळी छत्री उघडून, पोळी-भाजीचा डबा घेऊन बसलेला एक माणूस त्यांना वीस-पंचवीस वर्षं लक्षात राहिला. नाव कधी कळलंच नव्हतं. मी सांगितलं, आणि मलाच रडू आलं.

1946 चा जन्म त्यांचा. होळकर संघाने बडोद्याला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली ते साल. हे ते कुणालाही सांगायचे. सी. के. नायडू, मुश्ताक अली, सरवटे यांच्या गोष्टी वडिलांकडून ऐकलेल्या, पण पाहिल्यासारख्या सांगत. 1953 नंतर मात्र इंदूरकरांच्या वाट्याला करंडक नाहीच. 1999 ला मध्य प्रदेशाचा रणजीचा अंतिम सामना बंगळुरूला होता, तेव्हा रजा टाकून, रिझर्वेशन नसताना गेले. पहिल्या डावात 75 धावांची आघाडी होती, शेवटचा दिवस नुसता खेळून काढायचा होता. कर्नाटकाने 150 मध्ये गुंडाळलं. परत आले आणि आठवडाभर त्या सामन्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

म्हणून 2022 च्या अंतिम सामन्याचं महत्त्व. तेच बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, आणि 1999 ला कप्तान असलेले चंद्रकांत पंडित आता प्रशिक्षक. अण्णांचे गुडघे गेले होते, आपल्याच दिवाणखान्यात पाच दिवस बसले. आपल्या इंदूरच्या रजत पाटीदारचं शतक झालं तेव्हाही वहीत चेंडू न् चेंडू लिहीतच होते. मुंबईला हरवलं, सगळी गल्ली ओरडत होती, आणि हे वर जाऊन 1999 ची वही घेऊन आले. दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून हात फिरवत राहिले. मी तिथून उठून गेलो. तसं एकटं सोडायला नको होतं, असं आता वाटतं.

एक तुला माहीत नसावं. 8 डिसेंबर 2011 ला सेहवागने 219 मारले, तो सामना तू ज्या पासावर पाहिलास, तो अण्णांना मिळालेला होता. "पोरीला दाखव, मला रणजी आहे की," म्हणाले. स्वतः टीव्हीसमोर बसून चेंडू न् चेंडू मांडला.

वह्या एकूण एकोणचाळीस आहेत. पुतण्या म्हणाला, तुम्हीच ठेवा. शेवटच्या वहीत फलंदाजी पूर्ण आहे, गोलंदाजीचे रकाने कोरे. लहानपणी त्या बेरजा तू करायचीस, पेन्सिलीला टोक काढून द्यायचीस. हल्ली त्यांना आकडे दिसत नव्हते. "ताई आली की करेल," म्हणून ठेवले होते.

दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये. वही तुझ्या टेबलावर ठेवली आहे, पेन्सिलही आतच आहे.

तुझे
बाबा